बाणांची चार बटणं

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर, आणि नाना राहायला आले ते त्याच्या दीड महिना आधी. हा क्रम मी मुद्दाम सांगतो. पुढं नातेवाइकांत असं बोललं गेलं की, मुलानं म्हाताऱ्याच्या करमणुकीसाठी एवढी वस्तू घेतली. तसं नव्हतं. मी सरकारी कचेरीत सांख्यिकी सहायक होतो. केळी आणि कापसाच्या उताऱ्याचे तक्ते करणं हे माझं काम, आणि कॉम्प्युटर मी त्या कामासाठी घेतला होता.

नाना म्हणजे माझे वडील. त्या वर्षी भाद्रपदात आई गेली. दिवस झाल्यावर मी धुळ्याच्या घराला कुलूप लावलं आणि नानांना जळगावला घेऊन आलो. मेहरूणच्या बाजूला आमचं दोन खोल्यांचं घर होतं. मी, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. नानांनी कायमचं आमच्याकडे राहावं एवढीच माझी इच्छा होती. नाना म्हणाले, "पंधरा दिवस पाहू."

पंधरा दिवसांचे चाळीस झाले, पण त्यांची बॅग काही उघडेना. बायकोनं कपाटातला मधला कप्पा त्यांच्यासाठी रिकामा करून ठेवला होता. नाना धुतलेला शर्ट वाळला की घडी करून परत बॅगेत ठेवायचे. कप्पा रिकामाच राहायचा. ती मला रोज रात्री जेवताना सांगायची, "आजही नाही ठेवले कपडे." मी म्हणायचो, ठेवतील.

नानांनी धुळ्यात एकतीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. एका किराणा दुकानाच्या वरची खोली, अकरा मशीनं, सहा इंग्रजी आणि पाच मराठी. जिल्ह्यातल्या कचेऱ्यांत, कोर्टात, शाळांत त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं बसलेली होती. क्लासात ते शुद्ध मराठी बोलत आणि घरी अहिराणी. मी त्यांचं बोलणं इथं बरंचसं साध्या मराठीत लिहितो आहे, कारण मलाच आता ती भाषा नीट लिहिता येत नाही.

त्यांच्या क्लासाचे दोन नियम होते. पहिला, नजर कागदावर, बटणांवर नाही. नवीन पोरगं आलं की त्याच्या हातांवर ते पुठ्ठ्याची एक झाकणी ठेवत, म्हणजे बोटं दिसतच नसत. दुसरा, परीक्षेच्या प्रत्येक कागदाखाली टाइप करणाऱ्यानं स्वतः सही करायची. नाना लाल पेन्सिलीनं चुकांना गोल करत, चुका मोजून वेगातून वजा करत आणि तो कागद पोरापुढं सरकवत. "सही कर. ह्या चुका तुझ्या आहेत, मशीनच्या नाहीत." मीसुद्धा त्याच खोलीत मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पास झालो. त्यांचा मुलगा म्हणून मला एक चूकही माफ झाली नाही. हात बसत नाही अशी कुणी तक्रार केली की त्यांचं एकच उत्तर असे: "हात बसला नाही म्हणजे सराव कमी."

शहाण्णव साली क्लास बंद झाला. पोरं कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागली होती. त्यांनी दहा मशीनं काढून टाकली आणि एक ठेवलं.

कॉम्प्युटर विकणाऱ्यानं त्यात दोन-तीन गेम आधीच घालून दिले होते. त्यातला एक माझ्या मुलीला सापडला. वरून दिसणारं एक गाव, आजूबाजूला जंगल, आणि हातात तलवार घेतलेला इवलासा माणूस. त्यानं जंगलात जायचं, भुतं-राक्षस मारायचे, औषधाच्या मुळ्या गोळा करायच्या, ताकद वाढवायची आणि आणखी लांबच्या जंगलात जायचं. चालवायला की-बोर्डावरची बाणांची चार बटणं, आणि तलवार मारायला स्पेस बार.

नाना दोन दिवस खाटेवर बसून नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"पोरी, बोटंसकडे देखू नको. पडदाकडे देख."

"मग बटण कसं सापडेल, नाना?"

"बटण कुठं पळून चाललंय? काल जिथं होतं तिथंच आहे."

असं म्हणून त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि तिच्या दोन्ही हातांवर टाकला. पोरगी हसून लोळायची बाकी होती. तिचा माणूस दोनदा विहिरीला धडकला, एकदा राक्षसाच्या तोंडात गेला. नंतर नाना स्वतः बसले. उजव्या हाताची तीन बोटं बाणांवर, डावा अंगठा स्पेस बारवर, पाठ सरळ. त्यांनी खाली एकदाही पाहिलं नाही. दाबलं की माणूस चाले, उचललं की थांबे. दोन बटणं एकदम दाबली की तिरका जातो, हे त्यांना पहिल्या दहा मिनिटांत कळलं. मला हे माहीतच नव्हतं.

तो हिवाळा चांगला गेला. संध्याकाळी वीज असेल त्या दिवशी चहा झाला की आजोबा-नात बसत. नात जंगलाचा नकाशा वहीत काढी, नाना चालवीत.

"नाना, तुमचा माणूस भिंतीला घासत घासत का चालतो?"

"एक बाजू राखून चालावं. म्हणजे मार एकीकडूनच येतो."

"घाबरट आहे तुमचा माणूस."

"घाबरट असू दे. तुझा शूर होता, तो तीनदा मेला."

डिसेंबरात एके दिवशी बायकोनं मला हाक मारून कपाट दाखवलं. मधल्या कप्प्यात नानांचे चार शर्ट, दोन पायजमे, टोपी, दाढीचं सामान व्यवस्थित लावलेलं होतं. बॅग रिकामी, घडी करून खाटेखाली. त्या दिवशी तिनं असोद्याची वांगी आणून भरीत केलं.

फेब्रुवारीत तो गेम संपला. मोठ्या राक्षसाला मारायला नानांना सहा दिवस लागले. मेला तेव्हा दोघं एकमेकांच्या हातावर टाळ्या देत होते. मग काही दिवस घरात रिकामं वाटायला लागलं. नाना पेपर वाचून दुपारी झोपायला लागले. मला भीती वाटली की आता ते परत धुळ्याचं काढतील. म्हणून कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या पुतण्याकडून मी नवा गेम आणला. तसाच, पण कितीतरी चांगला. चित्रं खरी वाटावीत अशी, झाडांच्या सावल्या, पावलांचा आवाज. फक्त तो माउसवर चालायचा होता. बाणांची बटणं त्यात काहीच करत नसत.

मुलीला तो एका दिवसात आला. नानांना येईना.

"मी म्हटलं तिथं जा, हा झाडाला वळसा घालून गेला. वळसा घाल असं मी कधी सांगितलं?"

"त्याला अक्कल आहे नाना, रस्ता तो शोधतो."

"मंग मी कसाले?"

यावर मीही वाद घातला. मला अशा वादात आकडे सुचतात. मी सांगितलं की बाणांनी आठच दिशा मिळतात, माउसनं पाहिजे तेवढ्या. कोपऱ्यापलीकडं जायचं तर बटणं निदान दोनदा बदलावी लागतात, माउसची एक टिचकी पुरते. नानांनी सगळं ऐकून घेतलं.

"तू म्हणतो ते बरोबर असेल," ते म्हणाले. "पण बटणावर बोट आहे तोवर पाऊल माझं असतं. बोट उचललं की तो थांबतो. ह्याला मी नुसता हुकूम सोडतो आणि तो गेल्यावर बघत बसतो. आणि नजर? नजर पडद्यावरच्या त्या माउसच्या बाणामागं फिरते. समोर राक्षस उभा आहे आणि मी आपला माझा हात कुठं गेला ते शोधतोय."

आज मला वाटतं, त्या वादात त्यांचं म्हणणं अधिक नेमकं होतं. पण खरी अडचण ती नव्हतीच. ती त्यांनी सांगितली नाही आणि मी विचारली नाही.

त्या गेममध्ये राक्षसावर बरोबर टिचकी पडली तर माणूस तलवार मारतो. जरा बाजूला पडली तर तो राक्षसाजवळ चालत जाऊन नुसता उभा राहतो. नानांची टिचकी बाजूला पडायची. बाण राक्षसापर्यंत नीट जायचा, शेवटच्या बोटभर अंतरात अडखळायचा, थोडा पुढं, थोडा मागं, आणि दाबेपर्यंत सरकलेला असायचा. नानांचा माणूस गावाच्या वेशीबाहेरच मरायचा. एकदा सलग चौथ्यांदा मेला तेव्हा पोरगी खो खो हसली. नानाही हसले.

मग दोघांनी आपापसात एक तोड काढली. पोरगी माउस धरायची आणि नाना शेजारी बसून सांगायचे. डावीकडून घे. आता मागं. थांब, त्याला येऊ दे. छान चाललं होतं. चार-पाच दिवसांत ते दोघं पहिल्या तळघरापर्यंत जाऊन पोचले.

ते मी बंद केलं.

मला वाटलं, अशानं त्यांचा हात कधीच बसणार नाही. नातीच्या हातानं खेळणं म्हणजे लहान होऊन राहणं, आणि कमीपणा वाटला की माणूस त्या घरात राहत नाही. एप्रिलमध्ये पोरीला मी सांगितलं की नानांना स्वतः करू दे. आणि नानांना मी त्यांचंच वाक्य ऐकवलं, "हात बसला नाही म्हणजे सराव कमी."

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घे परीक्षा."

मी परीक्षा बसवली. गेममधल्या गावात मधोमध एक शेकोटी होती. शेकोटीपासून विहीर, विहिरीपासून पूल, पुलावरून वैदूची झोपडी आणि परत शेकोटी अशी एक फेरी. अशा दहा फेऱ्या. जी टिचकी हव्या त्या जागी पडली नाही ती एक चूक. मी शंभर पानी वहीत रकाने आखले: वार, वेळ, चुका, शेरा. खाली सहीची जागा ठेवली. क्लासात जशी असे तशी. ती मी विनोदानं ठेवली असं मला तेव्हा वाटलं होतं.

रोज संध्याकाळी सहाला, कूलर लावून, आम्ही बसत होतो. पोरीच्या दहा फेऱ्यांत दोन किंवा तीन चुका येत. नानांच्या पहिल्या दिवशी चौदा आल्या. आठवड्याभरात अकरावर आल्या. मला आनंद झाला. मग परत चौदा, सोळा, पंधरा, एकोणीस. मी शेऱ्यात लिहिलं, "उकाडा." दुसऱ्या दिवशी लिहिलं, "लक्ष नाही." मेच्या मध्यापर्यंत एकवीस झाल्या होत्या. ज्या माणसानं एकतीस वर्षं बोटांचं काम शिकवलं, त्याच्या चुका सरावानं वाढत चालल्या होत्या. असा कल पिकाच्या तक्त्यात दिसला असता तर मी त्याच दिवशी शेतावर जाऊन बघितलं असतं की मुळात काय झालंय. इथं मी पुढचं पान आखत होतो. नाना दर दिवशी पेन घेऊन खाली सही करत आणि वही माझ्याकडे सरकवत.

त्या दिवसांतल्या इतर गोष्टीही मला आठवतात. त्यांनी कपबशी सोडून स्टीलच्या पेल्यात चहा मागायला सुरुवात केली. बसले असताना उजवा हात ते पेपरखाली ठेवत. दाढी करताना हनुवटीला कापे.

बायको मला एकदा म्हणाली, "अहो, नानांचा हात बघितला का तुम्ही?"

"वय झालं त्यांचं."

"चौसष्ट म्हणजे काय वय झालं? माझे वडील सत्तरीत झाडावर चढतात."

"तुझ्या वडिलांची बायको जिवंत आहे," मी म्हणालो. मला ते उत्तर फार समर्पक वाटलं होतं.

शेवटच्या परीक्षेत सव्वीस चुका आल्या. मी आकडा लिहिला. नानांनी वही आपल्याकडे ओढून तो बघितला.

"आमच्या क्लासात असा पोरगा असता ना," ते म्हणाले, "तर मी त्याच्या बापाला बोलावून सांगितलं असतं, भाऊ, तुझ्या पोराला दुसरं काहीतरी शिकव. फी परत घेऊन जा."

मी हसलो. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून आलो तर कप्पा रिकामा होता आणि बॅग भरलेली. क्लासच्या खोलीचं छप्पर गळतं, पावसाळ्याआधी बघायला हवं, असं नाना म्हणाले. ती खोली त्यांनी अजून सोडली नव्हती हे खरं होतं. मी स्टँडवर त्यांच्याबरोबर गेलो. धुळ्याची गाडी उभी होती. बॅग मी वर ठेवली, खिडकीची जागा धरून दिली.

"आठ दिवसांत या," मी म्हणालो.

"पाहू."

"नाना, गेमचं मनाला लावून घेतलं का? तो नुसता खेळ आहे."

"खेळाचं कोण मनाला लावून घेतं?" ते म्हणाले. उजवा हात त्यांच्या खिशात होता. गाडी सुटली तेव्हा त्यांनी डावा हलवला.

बाहेरून खेळून आल्यावर पोरगी रिकाम्या खाटेकडे बघत उभी राहिली. संध्याकाळी तिनं मला विचारलं, "मी हसले होते म्हणून गेले का ते?"

मी नाही म्हणालो. ते उत्तर बरोबर होतं, पण पुढचं जे सांगायला हवं होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

धुळ्याहून त्यांचं दर आठवड्याला कार्ड येई. पहिली दोन कार्डं हातानं लिहिलेली, नंतरची सगळी त्यांच्या त्या उरलेल्या मशीनवर टाइप केलेली. एकही खाडाखोड नाही, समास सारखे, खाली नावसुद्धा टाइप केलेलं. मी ती कार्डं कचेरीत दाखवत होतो. बघा, या वयातही एक चूक नाही. एवढ्या एका कार्डाला त्यांना किती वेळ लागत होता ते मला पुढं कळलं. एक अख्खी सकाळ.

दोनदा मी जाऊन आलो. पारोळ्याला गाडी थांबते तिथून त्यांच्यासाठी शेव घेऊन जायचो. ते म्हणायचे, सगळं ठीक आहे. मला बघायचं असतं तर दिसलं असतं. ते चहा स्वतः करून देत नव्हते, कोपऱ्यावरच्या टपरीवरून मागवत होते.

जानेवारीत कचेरीत फोन आला. नानांचा एक जुना विद्यार्थी धुळ्याच्या कोर्टाबाहेर अर्ज टाइप करायला बसत असे, त्याचा होता. "सर दोन दिवस झाले शर्टाचं एकच बटण लावून फिरताहेत," तो म्हणाला. "मी लावून देतो म्हटलं तर रागावले. तुम्ही येऊन जा."

त्याच दिवशी मी गेलो आणि नानांना तिथल्याच एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नानांना चालायला लावलं, बोटं चिमटीसारखी उघड-मिट करायला लावली, हात मांडीवर ठेवून उलटे आकडे म्हणायला लावले. आकडे म्हणता म्हणता मांडीवरचा उजवा हात गोळी वळल्यासारखा हलत राहिला. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. विचारलं, हे कधीपासून?

"दोन महिने," नाना म्हणाले.

मी म्हणालो, जास्त असेल. माझ्याकडे नोंद आहे.

पुढच्या खेपेला मी वही घेऊन गेलो. त्यातले चुकांचे आकडे डॉक्टरांच्या उपयोगाचे असतील असं मला वाटत होतं. मी रकाने समजावून सांगायला लागलो. डॉक्टर ऐकत होते, पण त्यांचं बोट आकड्यांवर नव्हतं. बोट पानाच्या तळाशी ठेवून ते पानं उलटत होते. मग त्यांनी वही फिरवून माझ्याकडे केली आणि पहिलं पान दाखवलं. नानांची सही, पानाच्या अर्ध्या रुंदीची, शेवटी तो जुना वळसा. मग मधलं एक पान. मग शेवटचं. शेवटची सही मुंगीएवढी होती. अक्षरं एकमेकांत घुसलेली, वळसा नाही.

त्या सगळ्या सह्या माझ्या डोळ्यांदेखत झाल्या होत्या. मी रोज त्यांच्या वरच्या ओळीतला आकडा बघत होतो.

"ह्या कशासाठी घेतल्या होत्या?" डॉक्टरांनी विचारलं.

मी सांगितलं. गेम, माउस, दहा फेऱ्या. या रोगात अक्षर असंच बारीक होत जातं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग म्हणाले, या वहीमुळं मला सुरुवात नक्की कळली, हे काम चांगलं झालं. ते मला दोष देत नव्हते. गोळ्या लिहून देऊन त्यांनी सांगितलं की हे सरावानं जाणारं नाही, यांना दमवू नका.

रिक्षात नाना म्हणाले, "वही नीट ठेवली तू. चुका बरोबर मोजल्या."

ते उपरोधानं बोलत नव्हते. उपरोध असता तर मला सोपं गेलं असतं.

"तुम्ही का नाही बोललात, नाना? हात थरथरतो म्हणून?"

"माले काय माहीत थरथरस म्हणून? माले वाटलं, सराव कमी."

नाना जळगावला आले. आता पंधरा दिवस पाहू म्हणायचा प्रश्न नव्हता. त्यांना बटणं लावून द्यावी लागत, घास लहान करून द्यावा लागे. कप्प्यात त्यांचे कपडे बायकोच लावायची. मला हवं होतं ते मिळालं होतं, ते कायमचे आमच्याकडे राहिले. कॉम्प्युटरपाशी ते येत नसत. मी एकदा जुना बाणांचा गेम शोधला, पण मधल्या काळात मशीन बिघडलं होतं, दुरुस्त करणाऱ्यानं सगळं पुसून नव्यानं भरलं होतं आणि तो गेम त्यात गेला होता. विकणाऱ्याचं दुकानही उठलं होतं.

नव्व्याण्णवच्या पावसाळ्यात आमच्या कचेरीत कॉम्प्युटर आले. एका ऑपरेटरचा माउस अडकला. त्यातला गोळा फिरेना. ऑपरेटर मात्र आरामात काम करत होता. की-बोर्डाच्या उजव्या अंगाला आकड्यांची बटणं असतात, ती दाबून तो पडद्यावरचा बाण हलवत होता. आठ दाबलं की वर, दोन खाली, चार-सहा बाजूला, आणि पाच दाबलं की टिचकी.

"हे तू कुठून आणून घातलं?" मी विचारलं.

"आणायचं कुठून, साहेब? हे त्यातच असतं. ज्यांना माउस धरता येत नाही त्यांच्यासाठी दिलेलं आहे. नुसतं चालू करायचं."

मी त्याला तीन वेळा विचारलं. सगळ्या मशीनमध्ये असतं? दोन वर्षांपूर्वीच्या? तो म्हणाला, असतंच.

घरी जाऊन मी बघितलं. होतं. चार खिडक्या आत गेलं की चित्रासह लिहिलेलं. मी रकाने आखत होतो तेव्हा ते तिथंच होतं. परीक्षा घेण्याऐवजी मशीनचं पुस्तक उघडलं असतं तरी दिसलं असतं.

त्या संध्याकाळी मी नानांना धरून खुर्चीवर आणून बसवलं. पोरगी आता अकरा वर्षांची होती, ती मागं उभी राहिली. माउसच्या गेमची सीडी घरातच होती, ती परत घालून मी तो गेम चालू केला. शेकोटी, विहीर, पूल.

"माउस नको," नाना म्हणाले.

"माउस नाही, बटणं आहेत. आठ, दोन, चार, सहा. टिचकीला पाच."

त्यांनी बोट आठवर ठेवलं. पडद्यावरचा बाण सरळ वर गेला, डगमगला नाही. सहावर ठेवलं, सरळ उजवीकडे गेला. बोट उचललं, थांबला. त्यांनी पाच दाबलं आणि तो माणूस शेकोटीपासून विहिरीकडे चालत गेला. ते खाली बघत नव्हते.

मला ते सांगणं भाग होतं. "नाना, हे आधीपासून यात होतं."

"आधीपासून म्हणजे?"

"मशीन घेतलं त्या दिवसापासून. मी परीक्षा घेत होतो तेव्हाही."

नाना पडद्याकडेच बघत होते. त्यांनी विचारलं, "तुले माहीत नव्हतं ना?"

"नाही."

"मंग ठीक शे."

त्यांनी त्या माणसाला पुलापर्यंत नेलं. एकेका पावलाला खूप वेळ लागत होता. हव्या त्या जागी बाण नेऊन पाचवर बोट येईपर्यंत मधे बरेचदा त्यांचा हात थांबायचा आणि आम्ही थांबायचो. पोरीनं मागून विचारलं, "नाना, वेशीबाहेर जायचं?" त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. पुलावर पोचल्यावर त्यांनी बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवला. मांडीवर तो हलायला लागला. त्यांनी डावा हात त्याच्यावर ठेवला.

"पोहोचला," ते म्हणाले. "आते बंद कर. हात दमला."

मी त्यांना उठवलं आणि खाटेपर्यंत नेलं. त्यानंतर तीन वर्षं ते आमच्याकडे होते. मी आणखी कधी त्यांना खेळायला बोलावलं नाही, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.